गाण्याची जत्रा आणि गाईचे कुरण

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात रात्री गाण्याचा कार्यक्रम ठरला होता आणि व्यवस्था माझ्याकडे आली होती. मैदान अपुरे पडेल म्हणून शेजारच्या शेतकऱ्याचे ज्वारी काढलेले रान आम्ही एका रात्रीपुरते मागून घेतले. त्या भल्या माणसाने एक पैसा न घेता ते दिले. कार्यक्रम छान रंगला. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी माझी पाठ थोपटली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो शेतकरी माझ्या दारात उभा. खांद्यावर पोते. ते त्याने ओट्यावर ठेवले आणि शांतपणे म्हणाला, "सर, गाणं लई झ्याक झालं बगा. पर ह्ये तुमचं रानात ऱ्हायलं व्हतं." पोत्यात चहाचे प्लॅस्टिकचे पेले, फरसाणाच्या पिशव्या, तारांचे तुकडे आणि मांडवाचे चार-सहा खिळे होते. जाताना एवढेच बोलला, "म्हशी सोडायच्या व्हत्या धसकटात. आता भ्या वाटतंया." तो रागावून बोलला असता तर मला बरे वाटले असते.

मी इतिहासाचा शिक्षक. ते पोते पाहून मला गेल्या शतकातल्या दोन शेतकऱ्यांची आठवण झाली. दोघेही दुधाचा धंदा करणारे. दोघांनीही आपले कुरण गाण्याच्या मेळ्याला दिले, तेही अवघ्या तेरा महिन्यांच्या अंतराने. एकाच्या रानात मेळा एकदाच भरला. दुसऱ्याच्या रानात तो आजही भरतो. असे का झाले, ते वाचकहो, आज आपण पाहू.

पहिला शेतकरी अमेरिकेतला, मॅक्स यास्गर त्याचे नाव. न्यूयॉर्क राज्यातील बेथेल गावी त्याची गाईगुरे होती, दूधदुभते होते. १९६९ च्या ऑगस्टमध्ये 'वुडस्टॉक' नावाचा संगीतमेळा भरायचा होता. ठरलेल्या ठिकाणच्या लोकांनी आयत्या वेळी जागा नाकारली, आणि यास्गरने आपले रान देऊ केले. आयोजकांनी काढलेला अंदाज केव्हाच मागे पडला आणि सुमारे चार लाख माणसे लोटली. कुंपणे धड उभीच राहिली नव्हती. रस्ते तुंबले, अन्नपाणी कमी पडले, त्यात पाऊस कोसळला. एवढा समुदाय तीन दिवस शांततेने राहिला, याचे जगाने कौतुक केले आणि ते योग्यच होते. यास्गरने येणाऱ्याजाणाऱ्यांना फुकट पाणी पाजले असेही सांगतात.

पण गाणारे गेले, ऐकणारे गेले, आणि मागे राहिले काय? चिखल झालेले कुरण, त्यात रुतलेल्या चादरी, बाटल्या, कपडे आणि कचऱ्याचे ढीग. शेजाऱ्यांनी नुकसानीबद्दल यास्गरवरच दावे लावले. त्याला स्वतःच्या रानाची काही भरपाई मिळाली खरी. पण पुढच्या वर्षी पुन्हा मेळा भरवू द्या म्हणून लोक आले, तेव्हा त्याने साफ नकार दिला. १९७१ साली त्याने ते शेत विकले आणि १९७३ साली तो वारला. वुडस्टॉकवर पुस्तके झाली, चित्रपट झाला. त्या कुरणाचे काय झाले हे मात्र फार थोडे लोक विचारतात.

आता दुसरा शेतकरी पाहू. इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात सॉमरसेट परगण्यात पिल्टन नावाचे खेडे आहे. तेथील 'वर्दी फार्म' हे मायकेल ईव्हिस यांचे वडिलोपार्जित शेत. सुमारे दीडशे एकर जमीन आणि साठेक गाई. १९५४ साली वडील वारले तेव्हा ईव्हिस एकोणीस वर्षांचे होते. जहाजावरची नोकरी सोडून ते घरी आले आणि धारा काढू लागले. शेतावर कर्ज होते. १९ सप्टेंबर १९७० रोजी त्यांनी आपल्या रानात गाण्याची पहिली जत्रा भरवली. तिकीट एक पौंड, आणि त्यात शेतावरचे दूध फुकट. माणसे आली सुमारे दीड हजार. जवळच्या गावावरून पुढे या मेळ्याला 'ग्लास्टनबरी' हे नाव पडले.

आज तेथे दोन लाखांच्या घरात माणसे जमतात. पाच दिवस नुसते शहरच वसते म्हणाना! आणि तरीही मेळा उठला की काही आठवड्यांनी त्याच कुरणात गाई चरू लागतात. हे आपोआप झाले असे समजू नका. पन्नास वर्षे चुका करून, दंड भरून, शेजाऱ्यांची बोलणी खाऊन हे लोक शिकत आले आहेत. त्यांचे शिक्षण अजून संपलेले नाही.

मुळात एक गोष्ट ध्यानात घ्या. ईव्हिस यांचा जम रानावर होता, रंगमंचावर नव्हता. १९८१ साली त्यांनी मेळ्यासाठी पिरॅमिडच्या आकाराचा कायमचा रंगमंच बांधला. पण वर्षातले मोजकेच दिवस गाणे. उरलेल्या दिवसांचे काय? हिवाळ्यात तीच इमारत गाईंचा गोठा आणि वैरणीचे कोठार म्हणून वापरात येई. शेतकऱ्याचे डोके कसे चालते बघा! १९९४ साली ती आगीत जळाली, पण तेरा वर्षे तिने दुहेरी काम केले. एका कामासाठी बांधून टाकून द्यायचे नाही, हा धडा पहिला.

दुसरा धडा माणसांच्या संख्येचा. १९८३ साली कायद्याने अशा मेळ्यांना स्थानिक मंडळाचा परवाना आवश्यक केला आणि पहिल्या परवान्यात ३०,००० माणसांची मर्यादा घातली. मेळा वाढला तसे १९८५ साली शेजारचे शंभर एकरांचे शेत विकत घ्यावे लागले. तरीही लोक कुंपणावरून उड्या मारून येतच. २००० साली परवाना एक लाखाचा, आणि आत शिरलेली माणसे त्याच्या दुपटीहून अधिक असावीत असा अंदाज निघाला. परिणाम असा झाला की २००१ साली मेळाच भरला नाही आणि २००२ साली भक्कम पोलादी कुंपण उभारावे लागले. एखाद्याला वाटेल, कुंपणाचा आणि निसर्गाचा संबंध काय? संबंध सरळ आहे. किती माणसे येणार हे ठाऊक नसेल, तर किती संडास लागतील, किती पाणी लागेल, किती कचरा उचलावा लागेल हे कोण सांगणार?

तिसरा धडा जमिनीचा. आपल्याकडे दमलेले रान एक वर्ष पड ठेवतात. ग्लास्टनबरीचे लोक नेमके तेच करतात. साधारणपणे दर पाच-सहा वर्षांनी एक वर्ष मेळा बंद. २००६, २०१२, २०१८ ही अशी पडीची वर्षे होती आणि २०२६ हेही तसेच ठरवण्यात आले. लाखो पायांखाली दडपलेली माती मोकळी होते, गवत पुन्हा मूळ धरते, आणि गावकऱ्यांनाही उसंत मिळते. २०१२ च्या सुट्टीला आणखी एक गमतीचे कारण होते. त्या वर्षी लंडनला ऑलिंपिक सामने होते आणि फिरते संडास तिकडे लागणार असल्याने इकडे कमी पडतील, असे ईव्हिस यांनी सांगितले होते!

आता तंबूच्या मेखांची गोष्ट ऐका. पाहुणे तंबू उपटतात, पण एखाददुसरी मेख मातीत राहतेच. गाय चरताना घास निवडून खात नाही. गवताबरोबर लोखंडही गिळते. ते तिच्या पोटाच्या जाळीदार कप्प्यात जाऊन पडते. तेथून पुढे काळीज फार दूर नसते. टोकदार तुकडा पोटाची भिंत भेदून काळजापर्यंत पोचला, तर जनावर हातचे जाते. आपल्या गावच्या पशुवैद्यांना विचारा, ते हेच सांगतील. म्हणून तेथे मातीत कुजून जाणाऱ्या मेखा पाहुण्यांना वाटण्यात आल्या. माझ्या दारातल्या पोत्यातले खिळे मला टोचले ते यासाठीच.

चौथा धडा पाण्याचा, आणि तो त्यांनी फार महाग शिकला. त्या शेताजवळून व्हाइटलेक नावाची लहान नदी वाहते. २०१४ साली मैला साठवण्याची टाकी गळली आणि घाण नदीत उतरली. ट्राउट जातीचे ३९ मासे धरून एकूण ४२ मासे मेलेले सापडले. प्रकरण न्यायालयात गेले. २०१६ साली १२,००० पौंड दंड आणि १९,००० पौंड खर्च, असे ३१,००० पौंड संस्थेला भरावे लागले. ४२ माशांसाठी एवढे, असे आपल्याला वाटेल. पण मासे म्हणजे नदीची नाडी. ती थांबली की रोग कुठे आहे ते कळते.

पुढे २०१९ साली वेल्समधील बँगोर विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याच नदीचे पाणी तपासले. मेळ्याच्या वरच्या अंगाचे आणि खालच्या अंगाचे. मेळ्यापूर्वीचे, मेळा चालू असतानाचे आणि नंतरचे. खालच्या पाण्यात मादक द्रव्यांचे अंश कितीतरी वाढलेले आढळले. वाम माशासारख्या दुर्मिळ होत चाललेल्या जिवाला घातक ठरतील इतके! ही द्रव्ये नदीत कोणी मुद्दाम ओतली नव्हती. लोक संडासापर्यंत जाण्याचा कंटाळा करून कुंपणाच्या कडेला उभे राहतात, आणि अंगातले सारे मातीतून नदीत जाते. म्हणून उघड्यावर लघवी करू नका, असे मेळ्यात वारंवार बजावले जाते. पाण्याशिवाय चालणारे खताचे संडासही तेथे मोठ्या संख्येने आहेत. लाकडाचा भुसा टाकायचा आणि मैल्याचे खत होऊ द्यायचे. आपल्या आजोबांचा सोनखत हा शब्द मला येथे आठवतो.

पाचवा धडा कचऱ्याचा. जुन्या तेलाच्या पिंपांना स्वयंसेवक हाताने रंग देतात आणि अशी सुमारे १५,००० पिंपे कचऱ्यासाठी रानभर मांडतात. २०१६ साली प्लॅस्टिकच्या पेल्यांऐवजी स्टीलचे पेले आले. अनामत ठेवा, पेला परत करा, पैसे घ्या. आपल्या गावात लग्नाची भांडी आणतात, तसाच व्यवहार. २०१७ च्या मेळ्यात पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्या दहा लाखांहून अधिक खपल्या होत्या. २०१९ साली त्यांची विक्रीच बंद केली आणि शेकडो ठिकाणी पिण्याच्या पाण्याचे नळ दिले. हे महत्त्वाचे आहे, बरं का! नुसती बंदी घातली असती, तर लोकांनी बाटल्या लपवून आणल्या असत्या. नळ दिला म्हणून बंदी टिकली. त्या वर्षी शंभरातले नव्व्याण्णवांहून अधिक तंबू पाहुण्यांनी परत नेले, असे संस्थेने सांगितले.

विजेचेही तसेच. गोठ्याच्या छपरावर सूर्यशक्तीच्या पाट्या बसवल्या, आणि २०२३ साली मेळ्याची सगळी वीज सूर्य, वारा आणि वापरलेल्या खाद्यतेलापासून केलेले इंधन अशा साधनांवर चालवल्याचे जाहीर झाले. मग सारे प्रश्न सुटले का? नाही. गाण्याच्या मोठ्या मेळ्यांत हवा सर्वांत जास्त बिघडते ती रंगमंचावरच्या दिव्यांनी नव्हे, तर ऐकणाऱ्यांच्या येण्याजाण्याने. दोन लाख माणसे मोटारी घेऊन निघाली, तर गोठ्यावरच्या पाट्या काय पुऱ्या पडणार? म्हणून रेल्वे आणि मोठ्या बसगाड्यांनी या, असा आग्रह धरला जातो. तरीही मोटारींनी भरलेली शेते तेथे दिसतातच.

वाचकहो, यास्गर आणि ईव्हिस यांच्यात फरक कोणता? यास्गर कमी दर्जाचा माणूस होता असे मुळीच नाही. पण त्याच्या रानात मेळा भरवणारे परके होते. ते आले आणि गेले. ईव्हिस यांना दुसऱ्या दिवशी त्याच रानात धार काढायची होती. ज्याला मागे राहायचे असते, तो जपून वागतो. जमिनीच्या मालकाचा शब्द मेळ्याच्या कारभारात शेवटचा असला, की पुष्कळ गोष्टी वळणावर येतात.

आपल्याकडे गाण्याच्या जत्रा काय थोड्या आहेत? भजनी सप्ताह आहेत, उरूस आहेत, तमाशाचे फड आहेत, आणि टाळमृदंगाच्या गजरात चालणारी पंढरीची वारी तर आहेच. अलीकडच्या वर्षांत वारीच्या मुक्कामांवर फिरते संडास उभे राहू लागले आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. पण गावोगावच्या लहान जत्रांचे काय? येथे शिक्षकबंधूंना आणि भगिनींना मी एक काम सुचवतो. यंदाच्या जत्रेला वरच्या वर्गातली मुले, एक वही आणि काही पोती घ्या. जत्रेच्या आदल्या दिवशी रान पाहा, ओढ्याचे पाणी वरच्या आणि खालच्या अंगाला दोन बाटल्यांत भरून ठेवा. जत्रा उठल्यावर पुन्हा तसेच करा. काय राहिले ते मोजा, वजन करा, लिहून ग्रामपंचायतीपुढे ठेवा. ओरडून जे होत नाही, ते मोजून होते.

माझी गोष्ट मात्र अर्धीच राहिली. पुढच्या वर्षी मी पुन्हा त्याच शेतकऱ्याकडे रान मागायला गेलो. जाताना फार संकोच वाटत होता. स्टीलचे पेले, रात्रीच पोती घेऊन फिरणारी मुले आणि मांडवाचे मोजून दिलेले खिळे, असे सारे मी त्याला सांगितले. त्याने ऐकून घेतले, आत गेला, आणि ते जुने रिकामे पोते आणून माझ्या हातात दिले. म्हणाला, "रान देतो की. पर ह्ये आधी घिऊन जावा."

त्या वर्षी दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या म्हशी त्या रानात चरत होत्या. खिळे मात्र दोन कमी भरले होते. ते सापडेपर्यंत आम्ही सगळे सकाळभर वाकून रान चाळत होतो.