हिमालयाची वाट आणि धामचा काठ

हा अंक वाचकांच्या हाती असेल, त्याच दिवसांत गंगोत्रीचे दार हिवाळ्यासाठी बंद होत असेल. आपल्याकडे दिवाळीचा पाडवा असतो, तो तिकडे अन्नकूटाचा दिवस. त्या दिवशी गंगेची मूर्ती पालखीतून खालच्या मुखबा गावी निघते. भाऊबीजेला यमुनोत्रीचे दार लागते आणि यमुना खरसालीला उतरते. यमद्वितीया हा यम-यमुना या भावाबहिणीचा दिवस. यमुनेला न्यायला खरसालीहून तिचा दुसरा भाऊ, शनी, वर जातो अशी तिथली प्रथा आहे. दोन्ही दारे पुन्हा उघडतात ती अक्षय्य तृतीयेच्या सुमारास.

या दोन तिथी माझ्या डोक्यात घोळू लागल्या त्या एका गडूमुळे. आमच्या देवघरात तोंड झाळून बंद केलेला तांब्याचा छोटा गडू आहे. हलवला की आत पाणी वाजते. तो आजीच्या माहेरून आला, एवढेच घरात ठाऊक. कोणी आणला, कुठल्या साली, आणणारा माणूस किती दिवस घराबाहेर होता, हे सांगणारे कोणी उरले नाही. मी इतिहासाचा पदवीधर नाही. सुटीच्या दिवशी ग्रंथालयात बसून जे वाचता आले ते वाचले. पण या गडूने मला एक प्रश्न दिला: वर्धेच्या काळ्या मातीतल्या माणसाने हिमालयाचा बेत आखायचा, तर तो कसा?

पहिली अडचण पिकाची. हिंगणघाटच्या कापसाचे नाव एकोणिसाव्या शतकातच विलायतेपर्यंत पोचले होते. हा जिल्हा कापसावर जगणारा. गंगोत्रीचे दार उघडते वैशाखात, आणि मृग लागतो जूनच्या पहिल्या आठवड्यात. यमुनोत्री, गंगोत्री, केदार, बद्री ही चारी धामे पश्चिमेकडून पूर्वेकडे पायी करायची, तर दीड-दोन महिने लागत. म्हणजे पेरणी हुकली. पावसाळ्यानंतर जावे तर दसरा-दिवाळीला कापूस फुटतो, पहिला वेचा तोंडावर येतो आणि तिकडे दारे लागायची वेळ होते. दोन्ही बाजूंनी वाट पिकानेच अडवलेली. तेव्हा या यात्रेला जाणारा माणूस बहुधा शेत मुलांच्या हाती सोपवलेला असावा, किंवा ज्याला शेतच नाही असा. आपल्याकडे यात्रा म्हातारपणावर ढकलली जाते, त्यामागे वैराग्य असेलही. पण पंचांग आणि पेरणी यांचे न जुळणे हे कारणही लहान नाही.

दुसरी तयारी हिशेबाची. मुंबईची रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली आणि वर्धा रूळमार्गावर आले. हरिद्वारला गाडी पोचली १८८६ मध्ये. त्यानंतर हरिद्वारपर्यंत पाय वाचले, पण ऋषिकेशच्या पुढे सगळी पायवाटच होती. वाटेत ठरावीक अंतरावर चट्ट्या असत. चट्टीवाल्याकडून पीठ, डाळ, तूप विकत घेतले, की भांडी आणि निजायला जागा फुकट. ज्याचे पाय चालत नाहीत त्याच्यासाठी माणसाच्या पाठीवरची कंडी, पैसेवाल्यासाठी झंपान. पैसा नसलेल्याला काली कमलीवाल्या बाबांच्या संस्थेचे सदावर्त. यात्रेकरू कुठल्या गावचा, कुणाचा कोण, हे हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांत नोंदले जाई. पुष्कळ मराठी घराण्यांच्या पिढ्या आजही घरी सापडत नाहीत, पण तिथे सापडतात.

तिसरी तयारी मरणाची होती, आणि ती उगाच नव्हती. हरिद्वारच्या १८६७ आणि १८९१ च्या कुंभांनंतर पटकीची साथ यात्रेकरूंबरोबर दूरदूर पसरली. म्हणून निघण्याआधी देणी फेडायची, वाटण्या करायच्या, रुसलेल्यांची समजूत काढायची. परत आल्यावर मावंदे घालायचे. ते जेवण म्हणजे पुण्याचा सोहळा खराच, पण माणूस जिवंत परतला याचा आनंदही त्यात असे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले, बंडाच्या धामधुमीत सापडले, लुबाडले गेले, आणि तरीही गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी आईवडिलांपाशी आले. त्यांचा ‘माझा प्रवास’ झाशीच्या राणीसाठी वाचला जातो. मला तो त्या कावडीसाठीही वाचावासा वाटतो. गृहस्थाची यात्रा पाणी घरी पोचल्यावर पुरी होते.

दुसऱ्या जातीचा यात्रेकरू परतण्याचा बेतच करत नसे. आमच्या जिल्ह्याचा या गोष्टीशी संबंध येतो तो इथे.

साताऱ्यात १८८५ मध्ये जन्मलेले दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयाचे आचार्य होते. सरकारी रोषामुळे ती राष्ट्रीय शाळा बंद पडली आणि १९१२ मध्ये काकासाहेब संसार मागे ठेवून हिमालयाकडे निघाले. सोबत अनंतबुवा मर्ढेकर आणि स्वामी आनंद होते. चारी धामे त्यांनी पायी केली. साधना करावी, तिकडेच राहावे, हा मनातला ओढा. तरी ते परतले. १९१५ मध्ये शांतिनिकेतनात गांधीजींना भेटले आणि पुढे आश्रमाचे झाले. त्या पायपिटीचे पुस्तक त्यांनी लिहिले ते गुजरातीत, ‘हिमालयनो प्रवास’. मराठी पायांनी तुडवलेली वाट आधी गुजराती वाचकाला मिळाली, याची मला थोडी चुटपुट वाटते.

काकासाहेब निघाले त्यानंतर चार वर्षांनी, २५ मार्च १९१६ ला, बडोद्याचाच एक वीस वर्षांचा विद्यार्थी इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईच्या गाडीत बसला आणि सुरतेला उतरून काशीकडे वळला. विनायक नरहरी भावे. मनात दोन दिशा होत्या: शांतीसाठी हिमालय आणि क्रांतीसाठी बंगाल. काशी दोन्हींच्या वाटेवर. बरोबरच्या दोन मित्रांपैकी एकाचा काशीतच अंत झाला. विनोबा हिमालयात गेले नाहीत, बंगालमध्येही नाही. ७ जून १९१६ ला ते अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात गांधीजींपुढे उभे होते. ज्या दोन गोष्टी शोधायला निघालो त्या दोन्ही तिथे मिळाल्या, असे ते पुढे सांगत.

एक जण हिमालयातून परतलेला, दुसरा वाटेतच वळलेला. दोघांनाही वर्धेने ठेवून घेतले. विनोबा १९२१ मध्ये जमनालाल बजाजांच्या आग्रहावरून इथे आले आणि १९३८ पासून पवनारला, धाम नदीच्या काठी राहिले. धाम ओलांडून गेल्यावर आश्रम, म्हणून त्याचे नाव परंधाम. राष्ट्रभाषा प्रचार समिती १९३६ मध्ये वर्ध्यात स्थापन झाली. काकासाहेबांनी हिंदी प्रचाराचे काम इथून केले. त्यांच्या राहत्या जागेला लोक काकावाडी म्हणत. नद्यांवर त्यांनी ‘लोकमाता’ लिहिले. नदी पाहायला ते तीर्थाच्या उंचीवर अडून बसले नाहीत.

धाम ही लहान नदी, उन्हाळ्यात खडक उघडे पडणारी. तरी १२ फेब्रुवारी १९४८ ला गांधीजींच्या अस्थींचे विसर्जन इथेही झाले आणि त्या दिवशी दरवर्षी मेळा भरू लागला. १९५१ मध्ये विनोबा याच काठावरून भूदानासाठी चालत निघाले. १९५९ मध्ये पीर पंजाल पायी ओलांडून काश्मीर खोऱ्यात उतरले. तरुणपणी हुकलेला हिमालय त्यांना चौसष्टाव्या वर्षी भेटला, तोही दुसऱ्याच कामावर असताना. १९६४ मध्ये ते पवनारला परतले आणि १५ नोव्हेंबर १९८२ ला, दिवाळीच्याच दिवशी, त्यांनी तिथे देह ठेवला.

आता गंगोत्रीच्या दारापर्यंत मोटार जाते. यमुनोत्रीला मात्र जानकीचट्टीपासून पाच-सहा किलोमीटर चढावेच लागते. बेत आठ-दहा दिवसांचा झाला. देणी फेडून कोणी निघत नाही. पण २०१३ चे केदारनाथ आणि ५ ऑगस्ट २०२५ ला गंगोत्रीच्या वाटेवर वाहून गेलेले धराली पाहिल्यावर आपल्या पणजोबांची तयारी भाबडी वाटत नाही. मराठी घरांत त्या दिवशी फोन लागेपर्यंत जो जीव टांगणीला लागला होता, तोच पूर्वी दोन-दोन महिने टांगलेला असे.

आई गेली तेव्हा तिच्या मुखात गंगा घालायची म्हणून तो गडू देवघरातून काढला होता. झाळ कापायला हत्यार शोधेपर्यंत उशीर झाला. शेजारच्या वहिनींनी वाटीत जे पाणी होते तेच पळीने घातले. आमच्या नळाला येते ते धामचे पाणी. गडू मी परत जागेवर ठेवला. तो आणणाऱ्याचे नाव हरिद्वारच्या एखाद्या वहीत असेल. यंदा मृगाची काळजी नसलेला मी, दारे उघडली की ते शोधायला जाणार आहे. परतीचे तिकीट काढून.