श्रावणांतील वडे

मुंबई-गोवा रस्त्यास गगनबावड्याची वाट मिळते, त्या तळेरे गांवाच्या मुलखांत कोंबडी-वड्यांची थोरवी सांगावयास नको. परंतु श्रावण लागला कीं त्याच वड्यांशेजारीं काळ्या वाटाण्यांचें सांबारें येतें. त्यास कोंबडीची नक्कल म्हणून हिणविणें आम्हांस मान्य नाहीं. भाजलेल्या खोबऱ्याचें वाटप व मालवणी मसाला हाच दोहोंचा प्राण होय. त्या मसाल्यांतील लाल मिरची तरी मूळची येथली कोठें आहे? अमेरिका खंडांतील हें फळ पोर्तुगीजांनीं १६व्या शतकांत आणिलें. तोंवर तिखटपणाचें काम मिऱ्यांकडे होतें. मिरचीनें त्यांची जागाच नव्हे, नांवही घेतलें! तिला कोणी नक्कल म्हटलें नाहीं. मग रात्रभर भिजून त्याच वाटपांत शिजणाऱ्या वाटाण्यानेंच आपली कुळी कां सिद्ध करावी?