धसईहून मुलाखतीला

मानसशास्त्र शिकायचं तर मुलाखत द्यावी लागते, ही गोष्ट आमच्या धसईत फार उशिरा पोचली. त्याआधी मन बिघडलेल्या माणसासाठी दोनच वाटा होत्या. एक वाडीवरच्या भगताची, दुसरी ठाण्याची. १९०१ साली नरोत्तमदास माधवदास यांच्या नावानं उभं राहिलेलं ठाण्याचं मनोरुग्णालय मुरबाड-शहापूरकडे इतकं ठाऊक होतं, की 'त्याला ठाण्याला न्या' म्हटलं की पुढचं बोलावं लागत नसे. तिथं डॉक्टरांच्या जोडीला मानसशास्त्र शिकलेली माणसंही असतात, ती कुठं शिकतात, त्यांना कोण निवडतं, हे विचारायची वेळ कोणावर आली नव्हती.

हे शिक्षण आपल्याकडे तसं जुनं नाही. कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग १९१६ मध्ये सुरू झाला, पुण्यात प्रा. कोठुरकरांच्या हाताखाली १९५० मध्ये, मुंबई विद्यापीठात उपयोजित मानसशास्त्राचा १९५९ मध्ये. रुग्णांसोबत प्रत्यक्ष काम करायचं प्रशिक्षण हवं असेल तर मात्र बंगळूर गाठावं लागे. तिथल्या एका संस्थेत १९५५ साली दोन वर्षांची पदविका निघाली, आणि त्याच संस्थेचं १९७४ मध्ये निमहान्स झालं. पुढे १९९२ चा पुनर्वास परिषदेचा कायदा आला. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर परिषदेनं मान्य केलेलं प्रशिक्षण आणि नोंदणी, दोन्ही लागू लागली. जागा मोजक्या, अर्ज ढीगभर. लेखी परीक्षेत वाचन कळतं; दुःखात असलेल्या माणसासमोर हा उमेदवार कसा बसेल, ते पाहायला समोरासमोर बोलावणं भाग होतं. मुलाखतीचं वजन असं वाढत गेलं.

माझी मुलाखत १९९६ ची, भर आवणीतली. शेतात बायका वाकलेल्या, चिखल गुडघ्यापर्यंत, आणि बाबांच्या हातात मुलाखतीचं पत्र. "आवण उरकली की जा," म्हणाले, पण पत्रावरची तारीख थांबणार नव्हती. पहाटेच्या एस.टी.नं मुरबाड, तिथून कल्याण, मग लोकल. व्हरांड्यात मुंबईच्या मोठ्या कॉलेजांतल्या मुली रोर्शाक चाचणीतल्या शाईच्या डागांवर बोलत होत्या. ती दहा कार्डं मी फक्त पुस्तकात, काळ्या-पांढऱ्या छपाईत पाहिली होती. त्यांतली काही रंगीत असतात हे मला त्या बाकावर कळलं.

आत चारजण. पहिला प्रश्न इंग्रजीत, अपेक्षेप्रमाणे: या क्षेत्रात का यायचं? लोकांना मदत करायची आहे, हे वाक्य मी एस.टी.त घोकलं होतं. ते म्हटल्याबरोबर एका सरांनी मान खाली घालून पुढचं पान उलटलं. आज त्यांची बाजू मला कळते. सकाळपासून प्रत्येकीनं तेच सांगितलेलं असणार. पण त्यांनी त्यानंतर माझ्याकडे पाहिलंच नाही, ते मला अजून पटत नाही.

मग टोकाला बसलेल्या बाईंनी मराठीत विचारलं, "घरात कोणी आजारी होतं का?" हा प्रश्न उमेदवारांना फार भिववतो. हो म्हटलं तर आपणच कच्चे ठरू, असं वाटतं. मी काकूचं सांगितलं. मूल गेल्यावर ती बोलेनाशी झाली, रात्री विहिरीकडे जाऊ लागली. आधी भगत झाला, मग ठाणे. औषधांनी ती सावरली आणि घरी आली. मला वाटलं, बाई आता औषधांची नावं विचारतील. त्यांनी विचारलं, "भगतानं काय काय विचारलं?"

ते मला पाठ होतं. तांदळाचे दाणे सुपात टाकत तो विचारत होता: कधीपासून? कुठल्या पाणवठ्यावर गेली होती? त्या दिवशी घरात भांडण झालं का? माहेरी कोण वारलं? मूल कितव्या महिन्यात गेलं? बांधावरून कोणाशी वैर आहे का? बाई लिहून घेत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे हिस्ट्री त्यानं नीट घेतली. काय राहिलं?" मी म्हणाले, "सगळं काकांना आणि आजीला विचारलं. काकूला कोणीच काही विचारलं नाही." पान उलटणाऱ्या सरांनी तेव्हा वर पाहिलं. माझा प्रवेश त्या एका उत्तरावर झाला, असं मी मानते.

इतकी वर्षं या कामात काढल्यावर मी ठामपणे सांगते, की गावाकडच्या उमेदवाराला इंग्रजी वाक्यांवर जोखणं या शास्त्राच्याच इतिहासाला धरून नाही. पॅरिसमध्ये बिनेनं १९०५ साली बुद्धिमापनाची चाचणी केली, अमेरिकेत १९१६ मध्ये तिचं स्टॅनफर्ड रूप आलं. धारवाडला व्ही. व्ही. कामत यांनी ती नुसती उचलली नाही. मराठी आणि कानडी मुलांना त्यांच्या भाषेत प्रश्न विचारून, कोणत्या वयाला काय येतं ते तपासून त्यांनी ती इथली केली. त्यांचं पुस्तक १९४० साली आलं. बौद्धिक अक्षमतेच्या दाखल्यासाठी बिनेट-कामत चाचणी आजही वापरतात. नागपूरला मालिन यांनी वेक्सलरच्या चाचणीचं असंच भारतीय रूप केलं. मुलाखतीत या चाचण्यांची नावं हमखास विचारतात. त्या ज्या भाषेतून घडल्या, ती उमेदवाराला किती येते हे मात्र क्वचितच विचारतात.

हल्ली आसपासच्या गावांतल्या मुली तयारीला माझ्याकडे येतात. एकीला २०१७ मध्ये पॅनलनं गावाचं नाव ऐकून कॅशलेस धसईबद्दलच विचारलं. डिसेंबर २०१६ मध्ये आमचं गाव त्यासाठी गाजलं होतं, वडापाववाल्याकडेही कार्डाचं मशीन आलं होतं. वेळ त्यातच संपली. तिनं वर्षभर आश्रमशाळेतल्या मुलींशी बोलून काढलेली टिपणं पिशवीतच राहिली. कोविडच्या वर्षी मुलाखती ऑनलाइन झाल्या, तेव्हा रेंजसाठी एकजण मुरबाडला मामाकडे जाऊन बसली.

सगळ्यात अवघड जातो तो गोपनीयतेचा प्रश्न: ओळखीचं माणूस तुमच्याकडे आलं तर? पुस्तकातलं उत्तर सरळ आहे, दुसऱ्या समुपदेशकाकडे पाठवा. धसईत दुसरा समुपदेशक कुठून आणायचा? इथं पोरगी कोणाच्या ओट्यावर तासभर बसली, हे ती घरी पोचायच्या आत घरच्यांना कळलेलं असतं. म्हणून मी मुलींना सांगते, पॅनलला हे असंच सांगा. मग आपण काय करतो तेही सांगा: बाजाराच्या निमित्तानं मुरबाडला भेटतो, वहीत नाव लिहीत नाही, रस्त्यात दिसलं तर आपण होऊन हाक मारत नाही.

गेल्या खेपेला ठाकरवाडीवरची एक मुलगी गेली होती. शेवटी पॅनलनं विचारलं, तुला काही विचारायचंय? ती म्हणाली, "कामत चाचणी ठाकरी बोलणाऱ्या मुलाला द्यायची झाली तर इथं काय शिकवतात?" त्यावरून पॅनलमधल्या दोघांत चांगलीच चर्चा झाली, असं ती हरखून सांगत होती. तिला जागा मिळाली. आता कोणता प्रश्न वाडीवरच्या मुलाला कळत नाही आणि का, याची ती वही ठेवते. प्रश्नाचे शब्द मनानं बदलले तर गुण धरता येत नाहीत, हे तिला ठाऊक आहे. त्यासाठी वाड्यावाड्यांवर जाऊन, वयावार मुलं घेऊन, चाचणी पुन्हा पहिल्यापासून बांधावी लागेल. किती मुलं लागतील, असं तिनं परवा फोनवर विचारलं. आम्ही दोघी मुरबाड-शहापूरच्या आश्रमशाळांची यादी करायला बसलो आहोत.