कपाशीच्या शेतातून शाळेच्या बाकापर्यंत

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेला संग्रामपूर तालुका आहे. वर सातपुडा, खाली पूर्णा नदी आणि मधल्या काळ्या जमिनीत वरवट बकाल. याच तालुक्यात वरवट खंडेराव नावाचेही गाव आहे. मूळ नाव एकच, म्हणून प्रत्येकाला वेगळे जोडनाव. ‘बकाल’ हा जुन्या मराठीत किराणा-भुसार विकणाऱ्या व्यापाऱ्यासाठी वापरला जाणारा शब्द. गावकऱ्याला दोन वरवट वेगळे आहेत हे सांगावे लागत नाही, पण सरकारी यादीला सांगावे लागते. यादीत प्रत्येक गावाची स्वतंत्र ओळ असते, ओळीपुढे लोकसंख्या असते, आणि शाळेतली मुले किती वाचू शकतात हे शोधायला निघालेला माणूस वरवटला येणार की नाही, हे त्या ओळीवरून ठरते.

बुलढाणा जिल्ह्यात तेरा तालुके आहेत. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८६ हजार होती. इतक्या मोठ्या जिल्ह्यातल्या प्रत्येक मुलाची चाचणी दरवर्षी घेणे शक्य नाही, म्हणून नमुना घ्यायचा. शितावरून भाताची परीक्षा हे आपल्या घरात नेहमीचेच. पण ती परीक्षा खरी ठरते ती भांडे एक, तांदूळ एक आणि आच एक असल्यामुळे. संग्रामपूर तालुक्यात तसे नाही. सातपुड्याच्या पायथ्याला भिलाला, कोरकू, निहाल कुटुंबांच्या वस्त्या आहेत आणि तिथल्या मुलांची घरची भाषा पुस्तकातल्या मराठीहून वेगळी. मधल्या पट्ट्यात कपाशी-सोयाबीनची मोठी गावे. पूर्णेकाठी खारपाणपट्टा. मोठ्या गावांतून चार शिते उचलली तर पायथ्याच्या मुलाबद्दल काहीच कळणार नाही.

यावर उपाय म्हणजे स्तर पाडणे. आधी लोकसंख्येची माहिती हाताशी घ्यायची: गाव केवढे, ग्रामीण की शहरी, कोणत्या समाजाची वस्ती किती, शाळा जिल्हा परिषदेची की खासगी. त्यावरून गट पाडायचे आणि प्रत्येक गटातून स्वतंत्रपणे चिठ्ठ्या काढायच्या. मग कोणताही गट नुसत्या योगायोगाने वगळला जात नाही. ऐकायला ही गोष्ट सोपी वाटते. ती कागदावर आणि जमिनीवर उतरायला मात्र पाऊणशे वर्षे लागली, आणि त्या इतिहासातला एक मोठा धडा वऱ्हाडातल्याच कपाशीच्या शेतांत गिरवला गेला.

सुरुवात यादीपासून करावी लागते. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि १८६७ मध्ये प्रांताची पहिली पद्धतशीर शिरगणती झाली. तिच्यात २२ लाख २७ हजार ६५४ माणसे नोंदली गेली. ए. सी. लायल यांनी संकलित केलेले वऱ्हाडचे गॅझेटियर १८७० मध्ये निघाले. १८९१ मध्ये लोकसंख्या सुमारे २८ लाख ९७ हजारांवर पोचली. पुढच्या दशकात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पडले. १९०१च्या गणनेत आकडा घसरून सुमारे २७ लाख ५४ हजारांवर आला. १९०० साली कोणी १८९१ची यादी हातात धरून वऱ्हाडात फिरला असता, तर ओस पडलेली घरे त्याने भरलेली मानली असती. १९०५ मध्ये जिल्ह्यांच्या सीमाही हलल्या. खामगाव आणि पूर्णेच्या उत्तरेचा जळगाव हे तालुके अकोल्यातून बुलढाण्यात आले. दहा-पंधरा वर्षांत माणसेही बदलली आणि जिल्हेही.

लोकांची मोजणी दर दहा वर्षांनी होत होती, पण पिकाची मोजणी नजरेवर चालली होती. तिचे नाव आणेवारी. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक; त्या मापाने यंदा किती आणे पिकले, हे महसूल खात्याची माणसे शेते पाहून ठरवत. आज तिला पैसेवारी म्हणतात आणि पन्नास पैशांच्या आत-बाहेर असण्यावर शेतकऱ्याची सवलत अजूनही अवलंबून असते. नजरेचा अंदाज मात्र बघणाऱ्याच्या रोजच्या वाटेवर ठरतो. रस्त्याकडेची शेते त्याला दिसतात, आडरानातली दिसत नाहीत.

१९४०च्या दशकाच्या सुरुवातीला इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीच्या पुढाकाराने संख्याशास्त्रज्ञ विनायक गोविंद पानसे यांनी अकोला जिल्ह्यात कपाशीच्या उत्पन्नाची नमुना-पाहणी केली. पद्धत टप्प्याटप्प्याची. आधी भागांची वाटणी, मग प्रत्येक भागातून चिठ्ठीने गावे, गावातून शेते आणि शेतातून एक आखलेला तुकडा. कपाशीची वेचणी एकदाच होत नाही. बोंडे फुटतील तशा दोन-तीन वेचण्या होतात, म्हणून त्याच तुकड्यावर पुन्हा पुन्हा यावे लागे. चिठ्ठीत निघालेले शेत आडरानात असले तरी तिथपर्यंत जावे लागे, आणि नजरअंदाजापेक्षा ही पद्धत वेगळी होती ती नेमकी यामुळे.

पानशांचे सहकारी पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जन्म १९११. लंडनला शिकत असताना ते संख्याशास्त्रज्ञ जर्झी नेमन यांच्या सहवासात आले. प्रत्येक स्तरातून चिठ्ठ्यांनी निवड करणे हे मर्जीने ‘प्रातिनिधिक’ गावे निवडण्यापेक्षा भरवशाचे असते, हे नेमन यांनी १९३४ मध्ये गणिताने मांडले. ज्या स्तरात माणसामाणसांत फरक जास्त, तिथून नमुनाही जास्त घ्यावा, हेही त्यांनी सांगितले. पण तो फरक किती हे आधी ठाऊकच नसेल तर? सुखात्म्यांनी १९३५च्या लेखात हाच प्रश्न हाताळला. भारतात परतल्यावर त्यांनी कृषी संशोधन परिषदेत पिकांच्या पाहण्यांना शिस्त लावली. १९५४ मध्ये त्यांचे नमुना-सिद्धांतावरचे पुस्तक आले आणि त्याच साली पानसे-सुखात्मे या जोडीचे शेतकी संख्याशास्त्राचे पुस्तकही. ते पुढे कृषी महाविद्यालयांच्या पिढ्यांनी वापरले.

सुखात्म्यांचे एक निरीक्षण शाळेच्या चाचणीलाही लागू पडते. १९४६ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत त्यांनी दाखवले की शेतात फार छोटा तुकडा आखला तर उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसते. कारण माणसाच्या हातात आहे. सीमारेषेवर आलेले रोप आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न पडला की हात ते आत ओढतो. तुकडा जितका छोटा, तितका काठ मोठा आणि चूकही मोठी. इथे कोणी मुद्दाम लबाडी करत नाही. चांगले दिसावे अशी नकळत ओढ असते, एवढेच. वर्गात चाचणीसाठी मुले निवडायची वेळ आली की हुशार मूल पुढच्या बाकावर येते, तेही याच ओढीने.

शिक्षणाच्या क्षेत्रात महाराष्ट्रातले जुने काम पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे. धनंजयराव गाडगीळ आणि वि. म. दांडेकर यांच्या सातारा जिल्ह्यातल्या प्राथमिक शिक्षणाच्या दोन पाहण्या १९५५ मध्ये एकत्र पुस्तकरूपाने आल्या. एका पाहणीचा प्रश्न असा होता की शाळा सोडल्यावर माणूस अक्षरे विसरतो का. दुसरीचा विषय गळती आणि स्थगन, म्हणजे मूल मधूनच शाळा का सोडते किंवा त्याच इयत्तेत का अडकते. पट किती भरला एवढ्यावर समाधान न मानता शिकलेले टिकले का, हे विचारणाऱ्या या पाहण्या होत्या.

१९५७ मध्ये देशाचे पहिले अखिल भारतीय शैक्षणिक सर्वेक्षण झाले. त्यात केवळ महसुली गाव न मोजता वस्ती मोजली गेली. एक मैलाच्या आत शाळा आहे का, हा त्याचा साधा प्रश्न होता. मुख्य गावात शाळा असते, पण दोन कोसांवरच्या पाड्यातले मूल तिथवर पोचत नाही, हे पहिल्यांदाच देशभर कागदावर आले. आठवे सर्वेक्षण ३० सप्टेंबर २००९ ही तारीख धरून झाले. आता हे काम यू-डायस या सरकारी शाळा-यादीच्या नोंदी करतात. प्रत्येक शाळेला अकरा आकडी क्रमांक असतो आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या शाळांचा क्रमांक २७०४ ने सुरू होतो.

आजच्या चाचण्यांचे दोन मार्ग आहेत. एक घरातून जातो. प्रथम संस्थेने २००५ मध्ये सुरू केलेली ‘असर’ पाहणी जिल्ह्याला स्तर मानते. जनगणनेच्या यादीतून जिल्ह्यात ३० गावे आणि प्रत्येक गावात २० घरे, म्हणजे जिल्ह्यात ६०० घरे. गावाला संधी लोकसंख्येच्या प्रमाणात मिळते. पाच हजारांच्या गावाची चिठ्ठी निघण्याची शक्यता पाचशेच्या गावाच्या दहापट. पण घरे दोन्हीकडे वीसच असल्यामुळे मोठ्या गावातल्या एका घराची संधी तितकीच कमी होते. शेवटी प्रत्येक घराची संधी जवळपास सारखी राहते. गावाचे चार भाग पाडून प्रत्येक भागातून पाच घरे घेतात, म्हणून फक्त चावडीजवळची मुले येत नाहीत. अक्षर, शब्द, पहिलीचा उतारा, दुसरीची गोष्ट. मूल यातले कुठपर्यंत वाचते ते नोंदले जाते.

दुसरा मार्ग शाळेतून जातो. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणाने २०१७ पासून जिल्हा हा एकक धरला. यू-डायसच्या यादीतून शाळा निवडल्या जातात, मोठ्या वर्गातून जास्तीत जास्त ३० मुले. २०१७ मध्ये सरकारी आणि अनुदानित शाळा होत्या, २०२१ मध्ये खासगीही आल्या आणि देशभरातून सुमारे ३४ लाख मुले बसली. दोन्ही मार्गांची मर्यादा एकच आहे. हे निकाल जिल्ह्याचे असतात. वरवट बकालची चिठ्ठी निघाली, तरी वरवटच्या शाळेचा किंवा संग्रामपूर तालुक्याचा निकाल त्यातून लागत नाही. तालुक्यावर तो लादणे ही चूक ठरते.

इथे कपाशी पुन्हा आडवी येते. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण २०१७ मध्ये १३ नोव्हेंबरला आणि २०२१ मध्ये १२ नोव्हेंबरला झाले. त्याच्या जागी आलेले ‘परख’ २०२४ मध्ये ४ डिसेंबरला. वऱ्हाडात हे वेचणीचे दिवस. त्या दिवसांत आईबापांबरोबर शेतात गेलेले, किंवा त्यांच्याबरोबर कामाच्या गावी गेलेले मूल त्या दिवशीच्या बाकावर नसते. स्तर कितीही नेटके पाडले तरी चाचणी हजर मुलांचीच होते. सुखात्म्यांच्या तुकड्यात काठावरचे रोप आत ओढले जात होते, इथे काठावरचे मूल बाहेर राहते. दोन्हींचा परिणाम एकच, आकडा खऱ्यापेक्षा बरा दिसतो. म्हणून पटावरची आणि हजर असलेली मुले किती, हे दोन आकडे निकालाच्या पहिल्याच पानावर शेजारी शेजारी छापले पाहिजेत.

आणि यादी? ‘असर’साठी जिल्ह्यातल्या गावांची निवड आजही २०११च्या जनगणनेवर उभी आहे. त्यानंतर गावे वाढली, काही वस्त्या रिकाम्या झाल्या, २०२१ची गणना झाली नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. संग्रामपूर तालुक्यातल्या सरपंचांनी, गुरुजींनी आणि अंगणवाडीताईंनी त्याआधी एक काम करावे. सातपुड्याच्या पायथ्याची प्रत्येक वस्ती, शेतातली घरे आणि कामासाठी बाहेर गेलेली कुटुंबे यांची नावे गावपातळीवर लिहून ठेवावीत आणि प्रगणक आल्यावर त्याला तिथपर्यंत घेऊन जावे. पुढची कित्येक वर्षे मुलांच्या नमुन्याच्या चिठ्ठ्या त्याच यादीतून निघणार आहेत.