उन्हाचा बंब

यंदा आमच्या कॅलिफोर्नियातल्या घरी स्विमिंग पूलसाठी सोलर हीटर बसवायचं ठरलं. छप्पर मोजायला शिडी लावली, तर शेजारचे काका म्हणाले, "हे काय नवीन फॅड?" मंडळी, हे फॅड शंभर वर्षांहून जुनं आहे!

१८९१ साली बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्प यांनी 'क्लायमॅक्स' या सौर बंबाचं पेटंट घेतलं. काळ्या रंगाच्या टाक्या, भोवती लाकडी पेटी, वर काच. १८९७ पर्यंत पॅसाडीनातल्या सुमारे एक तृतीयांश घरांत सूर्य पाणी तापवत होता. १९०९ मध्ये विल्यम बेली यांनी टाकी वेगळी काढून ऊब टिकेल अशी झाकली. रात्रीही गरम पाणी मिळू लागलं.

पुढे १९२०च्या दशकात लॉस एंजेलिस भागात नैसर्गिक वायूचे मोठे साठे सापडले आणि बंब मागे पडले. व्हाइट हाऊसवर कार्टर यांनी १९७९ मध्ये लावलेली पॅनेल १९८६ मध्ये छपराच्या दुरुस्तीसाठी उतरवली, ती परत चढलीच नाहीत. २००२ मध्ये मात्र तिथल्या पूलसाठी पुन्हा सूर्यालाच बोलावणं गेलं!

ऊन कधीच कमी पडलं नव्हतं. इंधन स्वस्त झालं, एवढंच.

म्हणून आम्ही आधी रात्री पूल झाकायला कव्हर आणलं, दक्षिणेकडचं बिनसावलीचं छप्पर निवडलं, पंप तपासून घेतला. आणि मुलांकडून वचन घेतलं: उद्या गॅस स्वस्त झाला, तरी पॅनेल उतरवायची नाहीत.