उजेडाची निवड : लातूरची डाळ आणि यंत्राचा डोळा

#धागा

लातूर वा नांदेडच्या मोंढ्यात तूरडाळीच्या कट्ट्यांवर ‘सॉर्टेक्स’ हा शब्द हमखास आढळतो. डाळीची ती एक प्रत असावी, असेच अनेकांना वाटते. वस्तुतः १९४७ साली लंडनमध्ये सुरू झालेल्या, धान्य निवडणारी यंत्रे बनवणाऱ्या कंपनीचे ते नाव. या नावाआड उजेडाचा एक इतिहास आहे.

१९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोहोचली आणि निजामाच्या राज्यातील ही पेठ दूरच्या बाजारांशी जोडली गेली. पुढे लातूर-उदगीरकडे डाळ गिरण्या वाढल्या. तूर भरडून टरफल निघाले, की उरलेले काम डोळ्यांचे : खडे, डागी डाळ, साल न सुटलेले दाणे वेचणे. ते बायकांकडे असे.

माझी आजी उदगीरच्या एका गिरणीत निवडायला जाई. ती सांगे, “ऊन थेट सुपावर आलं की डाळ चमकती अन् डाग लपतो.” म्हणून बायका दाराकडे तोंड करून नव्हे, तर तिरक्या बसत. ढगाळ दिवस निवडीला सर्वांत चांगला, हेही तिचेच म्हणणे. गिरणीच्या हिशेबवह्यांत अशा ज्ञानाला रकाना नव्हता.

यंत्रापुढेही हीच अडचण उभी राहिली. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या मिशिगन राज्यात घेवड्याचे दाणे निवडण्यासाठी प्रकाशविद्युत घट वापरले जाऊ लागले. मात्र हा घट फक्त प्रकाश कमी की जास्त एवढेच जाणतो. दाणा लहान असला तरी कमी प्रकाश, काळा असला तरी कमीच. मग दोष ओळखायचा कसा?

यावरचा तोडगा मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत देखणा वाटतो. पडत्या दाण्यामागे एक पट्टी ठेवायची आणि तिची उजळता नेमकी चांगल्या डाळीइतकी राखायची. चांगला दाणा, मोठा असो वा बारीक, समोरून गेला तरी प्रकाशात फरक पडत नाही. डागी दाणा आला की प्रकाश घटतो, फिकट आला की वाढतो, आणि हवेचा झोत त्याला बाजूला उडवतो. थोडक्यात, चांगली डाळ यंत्राला दिसतच नाही!

पुढे कॅमेरे आले आणि दिव्यांची परीक्षा अधिक कठीण झाली. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर साधी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. आपल्याला ते जाणवत नाही, पण सेकंदाला हजारो ओळी टिपणाऱ्या कॅमेऱ्याला एक ओळ उजळ, तर दुसरी काळपट दिसते. त्यात ट्यूब जुनी होऊन मंदावते, काचेवर डाळीची भुकटी बसते. तेल-पाण्याच्या पॉलिशमुळे आलेली चकाकी तर यंत्राला पांढरा डागच भासते. त्यावर उपाय म्हणजे अनेक बाजूंनी येणारा, पसरट, सौम्य उजेड. आजीचे ढगाळ आभाळच म्हणा ना.

रंगाची गोष्ट आणखी निराळी. बदनापूरच्या संशोधन केंद्राच्या वाणांपैकी बीडीएन ७१६ लाल तुरीचा, तर बीडीएन ७११ पांढऱ्या तुरीचा. लाल साल पिवळ्या डाळीवर चटकन दिसते. पांढरट साल मात्र साध्या उजेडात मिसळून जाते. निळ्या प्रकाशात पिवळी डाळ काळवंडते आणि पांढरट साल उजळ राहते. पूर्वी त्यासाठी पांढऱ्या दिव्याच्या प्रकाशातून निळा गाळून घ्यावा लागे. १९९३ मध्ये जपानच्या शुजी नाकामुरा यांनी तेजस्वी निळा एलईडी सिद्ध केला. २०१४ च्या नोबेल पुरस्काराचे ते एक मानकरी. त्यानंतर गरजेचा रंग थेट दिव्यातूनच मिळू लागला.

आजीच्या गिरणीत यंत्र बसल्यावर निवडणाऱ्या बायकांची ओळ आखडत गेली. तिच्या सोबतिणींपैकी तिघींचीच नावे तिला आता आठवतात. मी ती वहीत उतरवून घेतली आहेत, आणि कोण कोणत्या दाराशी बसे तेही.