शिवेवरचा वेताळ

मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केली. तिचा पहिला नायक ली फॉक या अमेरिकन लेखकाचा फँटम. १९३६ पासून तो तिकडच्या वर्तमानपत्रांत रोज चित्रपट्टीतून भेटत होता. आपल्याकडे आला आणि त्याचं नाव झालं वेताळ. हे नाव ज्याला सुचलं, त्याला माझा सलाम.

कारण वेताळ म्हणजे नुसतं भूत नव्हे. तो भुतांचा राजा आणि गावाचा राखणदारही. गावाबाहेर, शिवेवर, शेंदूर फासलेल्या दगडाच्या रूपात तो उभा असतो. पुण्यात त्याच्या नावाची टेकडी आहे, गोव्यात तो बेताळ होतो. त्यामुळे रानात राहणारा, रात्री अचानक प्रकटणारा आणि मरण नसलेला हा बुरखेधारी आमच्या जुन्नरच्या पोरांना परका वाटलाच नाही.

त्याच्या अमरपणाची गंमतही आम्हाला चटकन उमगली. १५३६ मध्ये चाच्यांच्या हल्ल्यातून वाचून किनाऱ्याला लागलेला एक तरुण कवटीवर हात ठेवून शपथ घेतो. तो गेल्यावर मुलगा तोच वेष चढवतो, मग त्याचा मुलगा. आपण वाचतो तो एकविसावा. लोकांना वाटतं, माणूस एकच. दर्ग्याची गादी बापाकडून मुलाकडे जाताना मी लहानपणापासून पाहत होतो. मला यात अशक्य काही दिसलं नाही.

अलीकडे मंचरच्या एका रद्दीवाल्याकडे इंद्रजालचे सहा मराठी अंक मिळाले: चार वेताळचे, एक जादूगार मँड्रेकचा, एक बहादूरचा. रद्दी असली तरी वजनावर नाही मिळाले. रद्दीवाले हल्ली मोबाइलवर भाव बघतात. रक्कम ऐकून बायको म्हणाली, "एवढ्यात महिन्याचं दूध झालं असतं." आमच्या लहानपणी हेच अंक एस. टी. स्टँडजवळच्या टपरीवर दिवसाला दहा पैसे भाड्याने मिळत. पान फाटलं तर दंड.

पुन्हा वाचताना पहिल्यांदा नजरेत भरली ती साय बॅरीची चित्रं. १९६१ पासून तीसेक वर्षं त्याने वेताळ काढला. काळ्या शाईचे जाड फटकारे आणि त्यातून निघणारी झाडं, सावल्या, घोड्याची मान. रोजच्या तीन-चार चौकटींची पट्टी कापून पानावर बसवल्यामुळे कथा अधूनमधून अडखळते, मागचं पुन्हा सांगते. मला ते खटकत नाही. कीर्तनकारही तेच करतो. फुग्यांतली मराठी जरा पुस्तकी आहे. पण आमच्या घरची बोली दखनी. धड्याबाहेरची, कुणी पाठ करायला न सांगितलेली मराठी मी पहिल्यांदा वाचली ती त्या फुग्यांतच. माझ्या कवितेच्या वंशावळीत त्या टपरीचं नाव घालावं लागेल.

आता तक्रार. मूळ कथेतल्या देशाचं नाव होतं बंगाला. भारतीय वाचकाला ते खटकेल म्हणून इंद्रजालने त्याचं देंकाली केलं. 'सिंग' चाच्यांचे 'सिंगा' झाले. म्हणजे संपादकाची कात्री चालत होती. पण मूळ दुखण्याला हात लागला नाही: चारशे वर्षं एकच गोरं घराणं काळ्या माणसांचे न्यायनिवाडे करतं, आणि ती माणसं कृतज्ञतेने ढोल वाजवतात. मँड्रेकचा लोथार हा तर आफ्रिकेतला राजपुत्र. तो १९३४ मध्ये बिबळ्याचं कातडं पांघरून मालकामागे उभा होता. १९६५ मध्ये फ्रेड फ्रेडरिक्सने चित्रं हाती घेतल्यावर त्याला नीट कपडे आणि नीट भाषा मिळाली.

हे सगळं आम्ही कुठे बसून वाचत होतो? जुन्नरमध्ये! आफ्रिकेत जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला आणि काही काळ त्याने राज्याची राजधानी याच गावी ठेवली. मोगलांना त्याने गनिमी काव्याने जेरीस आणलं. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. देंकालीच्या जंगलातल्या कुणालाही असा इतिहास दिलेला नाही. आम्हा पोरांना शिवनेरीमुळे शिवराय ठाऊक होते, वेताळ तोंडपाठ होता. मलिक अंबर मात्र परीक्षेतल्या एका गाळलेल्या जागेपुरता.

इंद्रजालच्या सुरुवातीच्या काळात तिथे काम केलेल्या अनंत पैंनी १९६७ मध्ये 'अमर चित्र कथा' काढून पुराण-इतिहासाची वाट धरली. इंद्रजालमध्ये अस्सल देशी नायक यायला मात्र १९७६ साल उजाडलं. तो बहादूर. डाकूचा मुलगा, पण डाकूंविरुद्ध उभा राहिलेला. मुखवटा नाही, अंगठी नाही. अंगात कुडता आणि खाली जीन्स. बरोबरीने लढणारी बेला. आणि मुख्य म्हणजे तो एकटा गाव राखत नाही, गावकऱ्यांचं दल उभारतो. गावाला स्वतःची राखण करता येते, हे त्या ढिगातल्या एकाच नायकाला ठाऊक होतं. त्याचे जनक आबिद सुरती, चित्रकार गोविंद ब्राह्मणिया. बहादूरचा जनक आबिद नावाचा आहे हे कळलं, त्या दिवशी मी ते नाव दोनदा मोठ्याने वाचलं होतं. कारण सांगायला नको.

१९९० मध्ये इंद्रजाल बंद पडलं. माझ्या सहा अंकांत सर्वांत वर आहे तो बहादूरचाच. त्याची शेवटची चार पानं गायब आहेत. कुणाकडे तो मराठी अंक धड असेल तर झेरॉक्स हवी आहे. टपालखर्च मी देईन.